घरच्या घरी सिलिंडर होनिंग करावे का?
इंजिनात नव्या पिस्टन रिंगा घालण्यापूर्वी होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासदगडांनी हलकी घासणे, घरी करता येते; मात्र बोअर (सिलिंडरचे आतले भोक) आधी डायल गेजने वर, मध्ये व खाली मोजावा, कारण मर्यादेबाहेरची झीज होनिंगने जात नाही आणि तेव्हा इंजिनाचा ब्लॉक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रिबोअरिंगला (भोक कापून मोठे करायला) देणेच शहाणपणाचे. माप ठीक असल्यास भरपूर तेल सोडत, मंद गतीच्या ड्रिलने होन (घासदगड बसवलेले हत्यार) सतत वर-खाली फिरवावा, म्हणजे सुमारे ४५ अंशांची तिरपी जाळी उमटते. ड्रिल थांबवून होन ओढल्यास उभा ओरखडा पडतो. खरी हयगय धुण्यात होते: नुसते पेट्रोल पुरत नाही, गरम पाणी, साबण व ब्रशने घासून, तेलात भिजवलेले पांढरे फडके करडे होईनासे होईपर्यंत पुसावे. खानापूरकडच्या पावसाळी हवेत उघडे बीड (ओतीव लोखंड) पाहता पाहता तांबूस होते, म्हणून तेलाचा हात लगेच फिरवावा.