ट्रिस्केल, त्री कासिन आणि आपली काख

प्रश्न असा आला आहे : ‘ट्रिस्केल’ हे मध्यातून निघून गोल वळणाऱ्या तीन शाखांचं केल्टिक चिन्ह म्हणजे आपलं त्रिशक्तिचक्र आणि त्याचं नाव म्हणजे ‘त्रिशक्ती’चा अपभ्रंश, असं वाचलं. हे खरं का? आणि उच्चार ‘सेल्टिक’ की ‘केल्टिक’?

उच्चाराचं आधी उरकतो. केल्टिक. युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांना ग्रीक ‘केल्टोइ’ म्हणत, त्यात ‘स’ कुठेच नाही. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बॉस्टनचा बास्केटबॉल संघ तेवढे ‘स’ने उच्चारतात. ती विशेषनामं आहेत, तशीच म्हणावीत.

आता ‘त्रिशक्ती’. परदेशी शब्दात ‘त्रि’ ऐकू आला, की पुढे शक्ती, शूल, मूर्ती यांपैकी जे सुचेल ते जोडून द्यायचं, हा प्रकार ऐकून ऐकून कान किटले आहेत. ट्रिस्केल हा शब्द ग्रीक आहे. ‘त्रि’ म्हणजे तीन आणि ‘स्केलोस’ म्हणजे पाय. ‘त्रिस्केलेस’ म्हणजे तीन पायांचं. ग्रीक ‘त्रि’ आणि आपला ‘त्रि’ एकाच आदिभाषेतून आलेले चुलत भाऊ आहेत, कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही. ‘स्केलोस’चा शक्तीशी काडीचाही संबंध नाही.

म्हणजे ज्याला केल्टिक म्हणून मिरवतात, त्या चिन्हाचं हे नाव केल्टिकसुद्धा नाही. पेंडंट विकणारे ‘भूत-वर्तमान-भविष्य’, ‘देह-मन-आत्मा’ असे जे अर्थ छापतात, तेही अलीकडचे. ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवणं अनुचित मानत, असं सीझरनेच नोंदवलंय. या चिन्हाचा अर्थ सांगणारी एक ओळही प्राचीन केल्ट लोकांनी मागे ठेवलेली नाही.

त्यात आणखी घोळ न्यूग्रेंजचा. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या या दफनस्थळाच्या दाराशी आडव्या शिळेवर आणि आतल्या कोनाड्यात तीन जोडलेल्या सर्पिल रेषा कोरल्या आहेत. ‘केल्टिक ट्रिस्केल’ म्हणून फोटो दाखवतात तो बहुधा याच कोरीवकामाचा. न्यूग्रेंज बांधलं गेलं इ.स.पू. ३२००च्या सुमारास. लोहयुगातल्या ज्या ‘ला टेन’ नावाच्या कलाशैलीला केल्टिक म्हणतात, ती युरोपात उमलली इ.स.पू. ४५०च्या आसपास. मधे अडीच हजारांहून जास्त वर्षं गेली. शिवाय त्या रेषांना पाय नाहीत, मग ‘तीन पायांचं’ हे नाव त्यांना लावायचं कशासाठी?

खरे पाय पाहायचे असतील तर ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटाचा झेंडा पाहा. तांबडी पार्श्वभूमी, तिच्यावर चिलखत घातलेले तीन पाय, टाचांना घोड्याला टोचायचे सोनेरी काटे, तिन्ही गुडघे वाकलेले आणि तिन्ही पाय मांडीच्या मुळाशी एकमेकांत जोडलेले. बेटाचं लॅटिन ब्रीद : कसंही फेका, उभंच राहील. हे चिन्ह तिथे तेराव्या शतकापासून आहे. ते सिसिलीहून आलं असं एक मत आहे, कारण सिसिलीतल्या सिराक्यूजचा प्राचीन राजा अगाथोक्लिस याच्या नाण्यांवर असेच तीन पाय आहेत. येईना का तिथून. बेटावरच्या लोकांनी त्याला आपल्या मँक्स भाषेत नाव दिलं, आणि मँक्स नि:संशय केल्टिक आहे. (जन्मापासून मँक्स बोलणारा शेवटचा माणूस १९७४ मध्ये गेला. आता तिथली मुलं शाळेत ती पुन्हा शिकतात, याचा मला फार आनंद आहे.)

ते नाव आहे ‘नी त्री कासिन’, म्हणजे ‘ते तीन पाय’. ‘त्री’ तर ओळखीचा आहेच. ‘कासिन’चं एकवचन ‘कास’, आयरिशमध्ये ‘कॉस’, जुन्या आयरिशमध्ये ‘कॉस्स’. याच मुळापासून लॅटिनमध्ये ‘कोक्सा’ म्हणजे खुबा, आणि याच मुळापासून संस्कृतात ‘कक्ष’ म्हणजे काख. लक्षचं लाख झालं, पक्षचं पाख झालं, तशी कक्षची काख झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण जिच्यावर बेतली, ती काख आणि मँक्स झेंड्यावरचा पाय हे एकाच शब्दाचे वंशज! नातं शोधायचंच होतं, तर ते इथे होतं. त्यासाठी ‘त्रिशक्ती’ची जुळवाजुळव करायची काही गरज नव्हती.

एकाच शब्दाची इकडे काख, तिकडे खुबा आणि पलीकडे पाऊल कसं झालं? ‘अर्थ सरकला’ एवढं म्हणून व्युत्पत्तिकोश मोकळे होतात. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. मुळात या शब्दाने अवयवाचा सांधा दाखवला जाई, हे कोशकारही मानतात. मग पुढचं पाऊल टाकायला हरकत काय? माझ्या मते तो सांधा म्हणजे जिथे अंग मुडपतं ती जागा. हात मुडपतो तिथे काख, मांडी मुडपते तिथे खुबा. केल्टिक भाषांनी त्या मुडपणाऱ्या अवयवालाच ते नाव दिलं. आता झेंडा पुन्हा पाहा. तीन पाय जोडले आहेत ते नेमके खुब्याशी, आणि प्रत्येक पाय गुडघ्यात मुडपलेला. ‘कास’ या शब्दात जे जे आहे, ते सगळं त्या चित्रात आहे. म्हणूनच या चिन्हाला ‘सूर्यचक्र’ म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझं मुळीच जमत नाही. सूर्याच्या किरणांना गुडघे कशाला हवेत? हे धावणाऱ्या पायांचं चित्र आहे आणि त्याच्या नावातही पायच आहेत, मग त्यात ऊन कशाला शोधायचं?

‘कक्ष’ म्हणजे फक्त खोली, असं आता मराठीत धरून चाललेत, नियंत्रण कक्ष, दक्षता कक्ष वगैरे. संस्कृत कोश उघडला तर काखही तिथेच सापडते.

मराठीत काय म्हणावं? पाय असतील तिथे ‘तीन पाय’ किंवा ‘त्रिपाद’. न्यूग्रेंजसाठी ‘तिहेरी सर्पिल’. आणि केल्टिक म्हणूनच दाखवतात त्या तीन टोकांच्या गाठीला ‘ट्रिक्वेट्रा’ म्हणतात, तो शब्द लॅटिन आहे, अर्थ ‘तीन कोपऱ्यांचा’. तिथेही शक्ती नाही.