हात वर नेला तर टाके उसवतील का?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई हे विचारतेच. तिने नाही विचारलं तर तिची सासू विचारते.

पन्नाशीच्या एका ताईंना रेडिएशनच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. रेडिएशनच्या वेळी उताणं झोपून हात डोक्याच्या वर स्थिर ठेवावा लागतो. यांचा हात खांद्याच्याही वर जाईना. ऑपरेशन होऊन महिने उलटले होते, केमोही संपली होती. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद पर्समध्ये होता, घडीसुद्धा न मोडलेला. पोळ्या जाऊबाई लाटत, वेणी लेक घाली. घरच्यांची माया खरी, पण आखडलेल्या खांद्यात तिचाही वाटा असतो.

चहा आला. ताईंनी डाव्या हाताने कप घेतला; उजवं कोपर बरगडीला घट्ट चिकटलेलं, पदर त्याखाली दाबलेला. मी टाक्यांचं बोलत राहिले आणि त्या मध्येच म्हणाल्या, "मॅडम, हात उचलला की पदर सरकतो. ती बाजू दिसते."

मग दुसरंही बाहेर आलं. काखेतून कोपरापर्यंत दोरीसारखी शीर ताणलेली लागत होती. कॅन्सर परत आला, असं धरून त्या गप्प होत्या. डॉक्टरांनी लगेच तपासलं. काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) काढल्यावर अनेकींना अशी दोरी येते, ती कॅन्सरची नसते आणि बहुधा व्यायामाने हळूहळू सैल होते.

टाक्यांचं म्हणाल, तर मूठ उघडझाप, कोपर वाकवणं हे सहसा दुसऱ्या दिवसापासूनच चालू करतात. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा. पुढचं सर्जनला विचारून, विशेषतः स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर. व्यायामाने हात सुजतो ही भीतीही जुनीच. ब्रिटनमध्ये ३९२ बायकांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवडा-दहा दिवसांत व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभरानंतर जास्त चांगला चालत होता, आणि सूज वाढलेली नव्हती.

पण ताईंना हे आकडे सांगून उपयोग नव्हता. आधी पुढून हुकांचा सैल ब्लाउज आणि आत हलकं सुती पॅड, एवढी सोय केली. मग भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत हात वर न्यायचा आणि जाऊबाईंनी तिथे पेन्सिलने खूण करायची. ताण जाणवू दे, कळ यायला नको. पोळ्या लाटायचं कामही परत ताईंकडे आलं. जाऊबाईंना ते जड गेलं, ताईंना नाही.

रेडिएशन झालं. पाठीमागचा हुक अजून लागत नाही. रेडिएशननंतर काही महिन्यांनीही खांदा आखडू शकतो, म्हणून भिंतीचा व्यायाम चालूच आहे. हात लाल, गरम झाला, ताप आला किंवा एकाएकी सूज चढली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, हे जाऊबाईंनाही सांगून ठेवलंय.