मांडूची रेकी करणाऱ्याला स्कॉटलंडमध्ये काम मिळेल का?

तुम्ही इंदूरहून मांडू-महेश्वरच्या शूटिंगसाठी रेकी (म्हणजे जागा आधी जाऊन पाहणं) आणि परवानग्यांचं काम करता आणि हेच काम स्कॉटलंडमध्ये जमेल का, असं विचारलंत. जमेल. पण आधी व्हिसाचं बघा. इथे लोकेशनचं काम बहुतेक फ्रीलान्स चालतं आणि स्किल्ड वर्कर व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. स्टुडंट व्हिसावर तर फ्रीलान्स कामाला मनाईच. इथे पदवी किंवा मास्टर्स केल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र ते करता येतं. त्याची मुदत २ वर्षं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. कोर्सची फी भरण्याआधी हा हिशेब घरच्यांसोबत बसून करा.

आता कामाचं. जहाज महाल म्हटलं की पुरातत्त्व खातं, हे तुम्हाला पाठ आहे. इथे प्रत्येक वेळी जागा कोणाची, इथून सुरुवात. डून कॅसल हा किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेकडे, ग्लेन्को दरीचा मोठा भाग नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या धर्मादाय संस्थेकडे, पुढची दरी एखाद्या खासगी इस्टेटीची, रस्ता कौन्सिलचा. एका फ्रेममध्ये तीन-तीन मालक निघतात! २००३ च्या कायद्यानं डोंगरदऱ्यांत हिंडायचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्याच्या भरवशावर जनरेटर आणि ट्रक घेऊन जाऊ नका. युनिटसाठी मालकाची लेखी परवानगी काढायचीच.

संरक्षित वास्तूच्या आवारात जमिनीत एक खुंटी ठोकायची तरी वेगळी संमती लागू शकते. म्हणून तंबू, स्टँड सगळं खुंट्यांऐवजी वजनं ठेवून उभं करतात. जुन्या किल्ल्यात रात्री दिवे लावण्याआधी तिथे वटवाघळं राहतात का, याची चौकशी होते. सोनेरी गरुड घरट्यात असताना त्याला त्रास देणं गुन्हा आहे, त्यामुळे वसंतातली सुंदर जागा सोडून द्यावी लागते. मला हे मनापासून पटतं. आपल्या घाटांवर आणि महालांवरही इतकं जपून काम व्हायला हवं.

उजेडाचा अंदाज नव्यानं बांधावा लागेल. डिसेंबरात एडिनबर्गला दिवस जेमतेम ७ तासांचा.

येण्याआधी मांडूच्या एका रेकीची फाईल इंग्रजीत नीट तयार करा. नुसते देखणे फोटो नकोत. ट्रक कुठे वळेल, युनिट कुठे जेवेल, पाऊस आला तर काय, जवळचं हॉस्पिटल किती लांब, विमा कोणाचा, हे सगळं त्यात हवं. आणि गाडीवर हात बसवा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येते, त्याआत इथली परीक्षा द्या.