फ्रीझ-ड्राय फळे का सादळतात?

प्रश्न : आम्ही फळांचे काप फ्रीझ-ड्राय करून, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवून, झिप असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत भरतो. प्रत्येक पिशवीत सिलिका जेल आणि ऑक्सिजन शोषक अशा दोन्ही पुड्या टाकतो. तरीही काही आठवड्यांत काप सादळतात व रंग फिका पडतो. व्हॅक्यूम पॅकिंगचा उपयोग होईल का?

उत्तर : काप आतपर्यंत वाळले असतील, तर दोष बहुधा पिशवीचाच आहे. फ्रीझ-ड्राय प्रक्रियेत गोठलेल्या फळातील बर्फाची थेट वाफ होऊन जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. त्यामुळे हवेतला दमटपणा काप झपाट्याने शोषून घेतो आणि त्यातील साखर ओलावताच तो चिवट होऊन आक्रसतो. साधे पॉलिथिन बाष्पाला बऱ्यापैकी अडवते, ऑक्सिजनला मात्र फारसे नाही, आणि रंग उडतो तो ऑक्सिजन व उजेड या दोघांमुळे. झिपला तर हवाबंद समजूच नये.

अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेली पिशवी घ्यावी व ती उष्णतेने सील करावी. चकाकणारी प्रत्येक पिशवी फॉइलची नसते. प्रखर दिव्यासमोर धरल्यावर आरपार अंधुक उजेड दिसला, तर ती केवळ धातूचा मुलामा दिलेली फिल्म समजावी. सीलच्या पट्टीवर फळाची भुकटी राहिली, तर उत्तम पिशवीही गळते. म्हणून पट्टी पुसून घ्यावी आणि नमुन्याची पिशवी पाण्याखाली हलकेच दाबून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

दोन्ही पुड्या एकत्र टाकू नयेत. शोषकातील लोखंडाची भुकटी गंजताना ऑक्सिजन घेते आणि गंजायला लागणारा थोडासा ओलावा नेमका सिलिका जेल पळवते. सील चांगले असेल, तर ऑक्सिजन शोषक पुरेसा आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. म्हणून एक लिटरच्या पिशवीसाठी, कापांच्या पोकळ्यांतील हवा धरून, ३०० मिलिलिटर क्षमतेची पुडी घ्यावी.

व्हॅक्यूमचा आग्रह आम्ही धरणार नाही. त्या दाबाने ठिसूळ कापांचा चुरा होतो, शिवाय टोकदार कडा पिशवीला भोके पाडतात. मोठ्या प्रमाणावर काम असल्यास नायट्रोजन भरून सील करणे श्रेयस्कर.

आधीच सादळलेला माल मात्र नव्या पिशवीत भरू नये.