इंग्रजी वाचलं तर कळतं पण ऐकलं तर कळत नाही, कॉलेजच्या प्रोफिशियन्सी परीक्षेसाठी लिसनिंगचा सराव कसा करू?

तू लिहिलंयस की देवगडजवळच्या गावात मराठी मीडियममधून शिकलीस, आता सेकंड इयरला आहेस, कॉलेजने इंग्लिश प्रोफिशियन्सीची परीक्षा ठेवलीय, रीडिंग आणि ग्रामरमध्ये चांगले मार्क पडतात पण ऑडिओ सुरू झाला की सगळं डोक्यावरून जातं, आणि हातात दोन महिने आहेत. मी कुडाळला इंग्रजीचे क्लास घेते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचं दुखणं हेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी हे मनातून काढून टाक की तुझं इंग्रजी कच्चं आहे. जो उतारा तुला वाचून कळतो त्यातले शब्द तुला येतात, ग्रामर येतं, सगळं येतं. फक्त हे सगळं तू डोळ्यांनी शिकलीयस. आपल्याकडे गाईडमध्ये शब्दापुढे देवनागरीत उच्चार छापलेला असतो, कम्फर्टेबल, व्हेजिटेबल, आणि तोच आपण पाठ करतो, पण बोलणारा माणूस म्हणतो कम्फ्टबल, वेज्टबल, मग कान म्हणतो हा कुठला नवीन शब्द, आणि तो विचार करेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. घाटात गाडी वळणाआड असली तरी एस्टी आहे की डंपर हे आपल्याला आवाजावरून कळतं ना, ते कशामुळे? नुसता आवाज ऐकून नाही, तर आवाज ऐकला आणि लगेच गाडी समोर आली, असं वर्षानुवर्षं झालं म्हणून. इंग्रजीचंही तसंच करायचंय, आवाज ऐकायचा आणि लगेच तो कशाचा होता हे डोळ्यांनी बघायचं. नुसता ऐकत राहण्याचा फायदा फार कमी होतो. दिवसभर कानात इअरफोन घालून इंग्रजी पॉडकास्ट लावून ठेवणारी मुलं मी बघितलीयत, महिन्यानंतरही तिथेच असतात. सबटायटल लावून वेब सिरीज बघणं पण त्यातलंच, ते वाचन होतं, कान झोपलेलाच राहतो.

आता प्रत्यक्ष करायचं काय. ज्याच्यासोबत लिहिलेली संहिता, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट मिळते असा ऑडिओ घे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश सुरुवातीला सगळ्यात बरं, दोघं जण एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर शेवटी सांगतात, आणि पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट फुकट मिळते. ते पण फास्ट वाटत असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओच्या लर्निंग इंग्लिशचे जुने कार्यक्रम ऐक, त्यांनी १९५९ साली स्पेशल इंग्लिश म्हणून मोजके शब्द वापरून सावकाश बोलायचे कार्यक्रम सुरू केले, त्यातलेच हे पुढचे. पण त्यावर फार दिवस राहू नकोस, परीक्षेत कोणी इतकं सावकाश बोलणार नाही.

पूर्ण सहा मिनिटं एकदम घ्यायची नाहीत. फक्त एक मिनिट घे. आधी न थांबता एकदा ऐक आणि साधारण कशाबद्दल आहे ते मराठीत एका ओळीत लिही. मग परत लाव आणि एकेका वाक्याला थांबवून जे ऐकू आलं ते इंग्रजीत लिहून काढ, जिथे कळलं नाही तिथे रिकामी जागा सोड, अंदाजाने भरू नकोस. एकच वाक्य चार-पाच वेळा ऐकावं लागलं तरी चालेल. मग ट्रान्स्क्रिप्ट उघड आणि लाल पेनाने तपास. खरा अभ्यास इथे होतो आणि नेमकं हेच मुलं टाळतात, कारण कंटाळवाणं वाटतं आणि स्वतःच्या चुका बघवत नाहीत.

माझ्याकडच्या एका मुलीचं वाक्य सांगते. ऑडिओत होतं आय शुड हॅव टोल्ड हिम अबाउट इट. तिने लिहिलं होतं आय शुड, मग रिकामी जागा, मग टीम, मग अबाउट, मग पुन्हा रिकामी जागा. ट्रान्स्क्रिप्ट बघितल्यावर तिला पटेचना, कारण त्यात एकही शब्द असा नव्हता जो तिला शाळेत आला नव्हता. मग मी तिला तेच वाक्य परत परत ऐकायला लावलं. बोलणारा म्हणत होता आय शुडव टोल्डिम अबाउटिट. हॅव मधला ह गेला, हिम मधला ह गेला, आणि उरलेलं आधीच्या शब्दाला चिकटलं, म्हणून टोल्डिम चं तिला टीम ऐकू आलं. इंग्रजी बोलताना महत्त्वाच्या शब्दावर जोर देतात आणि हॅव, हिम, टू, ऑफ, अँड, कॅन असले छोटे शब्द गिळून टाकतात. आपण मराठीत प्रत्येक अक्षर साधारण सारखं वाजवतो, त्यामुळे आपला कान प्रत्येक शब्द सुटा मागतो आणि तो मिळत नाही. नेक्स्ट डे चं नेक्स डे होतं, वाँट टू चं वाना होतं, कप ऑफ टी चं कपव टी. हे प्रकार फार नाहीत बरं का, तेच तेच फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवत जा, लिहिलेलं कसं आणि ऐकू आलं कसं, दोन रकाने. थोड्याच दिवसांत तुझं तुलाच दिसेल की आपण नेहमी कुठल्या जागी अडकतो.

तपासून झाल्यावर तेच एक मिनिट ऑडिओसोबत मोठ्याने म्हण, त्यांच्याच वेगात, त्यांच्याच चालीत. जो आवाज आपल्या तोंडून निघतो तो कानाला लवकर सापडतो. घरात लाज वाटत असेल तर सड्यावर जाऊन म्हण, पण म्हण. गावात नेटवर्क धड नसतं हे मला माहितीय, रेंज मिळेल तिथे आठवड्याचे ऑडिओ आणि ट्रान्स्क्रिप्ट एकदम डाउनलोड करून ठेव म्हणजे लाइट गेली तरी अडणार नाही. एवढं सगळं रोज अर्ध्या तासात होतं.

आकडे आणि स्पेलिंगचा सराव वेगळा करावा लागतो कारण तिथले मार्क हमखास मिळवता येतात. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यात जोर कुठे पडतो ते ऐक, टीन वाल्यात बहुतेक वेळा शेवट लांबतो आणि जोर तिथे येतो, टी वाल्यात जोर सुरुवातीलाच, आणि अमेरिकन माणूस थर्टी चं थर्डी करतो. फोन नंबरात शून्याला ओ म्हणतात, दोनदा आलेल्या आकड्याला डबल. घरात भाऊ-बहीण कोणी असेल तर त्यांना कुणकेश्वर, वेंगुर्ला, कणकवली असल्या नावांची इंग्रजी स्पेलिंग भराभर बोलायला सांग आणि तू लिहून घे, ए, ई आणि आय मध्ये किती गोंधळ होतो ते बघ. स्टेशनवर गेलीस तर अनाउन्समेंट ऐक, मांडवी एक्सप्रेसचा नंबर वन झीरो वन झीरो थ्री असा एकेक आकडा सुटा सांगतात, मराठीत आधी कानावर पडलेलंच इंग्रजीत येतं, म्हणजे तपासायची सोय तिथेच.

वेगवेगळ्या देशांच्या उच्चारांसाठी मी मुलांना क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकायला सांगते, कारण समोर काय चाललंय ते दिसत असतं आणि शब्द ओळखीचे असतात. रिकी पाँटिंगचं ऑस्ट्रेलियन, इयान स्मिथचं न्यूझीलंडचं, नासिर हुसेनचं इंग्लंडचं, तिघांचे स्वर किती वेगळे आहेत ते आपोआप कळतं. परीक्षेत लेक्चर ऐकवतात त्या भागासाठी एनपीटीईएलवरची, म्हणजे इंटरनेटवर फुकट मिळणारी आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर चांगली, तुझ्याच विषयाचं एखादं घे, उच्चार भारतीय असल्याने कळतील, आणि तिथे उच्चारांवर नाही तर नोट्स काढण्यावर लक्ष दे. फर्स्टली, ऑन द अदर हँड, द मेन रीझन इज, असं काही आलं की पुढे कामाचं येतंय हे समजायचं.

आता परीक्षेबद्दल. कॉलेजवाले पेपर कसा काढतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, पण आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला जाणारी मुलं देतात ती इंग्रजीची परीक्षा, तिच्या लिसनिंगच्या नमुना पेपरवर सराव केलास तर बहुतेक प्रकार हातून जातात. त्यात ४ भाग आणि ४० प्रश्न असतात, ऑडिओ साधारण ३० मिनिटांचा आणि तो एकदाच वाजतो. पहिला भाग दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात एकच माणूस माहिती सांगतो, तिसरा अभ्यासाबद्दलची चर्चा, चौथा लेक्चर, आणि पुढे जाल तसं कठीण होत जातं. स्पेलिंग चुकलं तर मार्क जातो, आणि दोनच शब्दांत लिहा म्हटलंय तिथे तीन लिहिले तरी जातो, हे दोन नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटव.

म्हणून आठवड्यातून एक दिवस असा ठेव की ऑडिओ एकदाच लावायचा, थांबवायचा नाही, मागे न्यायचा नाही. ऑडिओ सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला जो वेळ देतात तो फुकट घालवू नकोस, प्रत्येक रिकाम्या जागी काय येणार, आकडा, वार, की नाव, ते ठरवून ठेव. प्रश्नातला शब्द ऑडिओत जसाच्या तसा येईल अशी वाट बघू नकोस, प्रश्नात चीप असेल तर बोलणारा म्हणेल इट डझन्ट कॉस्ट मच. आणि पहिलं ऐकलेलं उत्तर लिहून मोकळी होऊ नकोस, ट्यूसडेला भेटू म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात सॉरी, थर्सडे करूया म्हणतात, हा सापळा मुद्दाम लावलेला असतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं राहून गेलं तर त्याला तिथेच सोडायचं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलं की पुढचे तीन पण जातात. मी क्लासमध्ये यासाठी मुद्दाम मध्येच एक वाक्य आवाज बंद करून घालवते आणि मुलांनी पुढचं पकडायचं, तुला घरी कोणाला तरी असं करायला सांगता येईल.

एक गोष्ट कॉलेजात आधीच विचारून ये, ऑडिओ हेडफोनवर ऐकवणार की हॉलमध्ये स्पीकरवर, आणि एकदा की दोनदा. स्पीकरवर असेल तर शेवटचे दोन आठवडे इअरफोन बाजूला ठेव, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पंखा लावून सराव कर, पावसात पत्र्याच्या आवाजात सुद्धा कर, कारण हॉलमध्ये आवाज घुमतो आणि मागच्या बाकावर तर निम्मे शब्द विरून जातात. आणि त्या दिवशी लवकर जाऊन पुढचा बाक धर. नमुना पेपर मिळाला असेल तर त्यातले प्रश्न कशा प्रकारचे आहेत ते खाली कमेंटमध्ये लिही, त्याप्रमाणे कुठल्या भागाला जास्त वेळ द्यायचा ते सांगते.