सीआरपी वाढलाय म्हणून हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

ताई, मिस्टरांचं वजन 94, एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) 5 च्या वर आलाय आणि ओळखीचा एकजण हळद, गुग्गुळ, ग्रीन टी अर्काची कॅप्सूल "सूज उतरवते" म्हणून गळ्यात मारायलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत, थांबा जरा.

ही सूज पाय सुजल्यासारखी दिसत नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगतात, काही मरतात, ते साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात आणि तिथनं टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असली रसायनं रक्तात सुटतात, मग आयएल-6 च्या सांगण्यावरनं लिव्हर सीआरपी बनवतं. म्हणजे कारखाना पोटावरच आहे बघा, तो चालू ठेवून वरनं कॅप्सूल टाकायची.

हळद वाईट नाही ओ, कर्क्युमिनने, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाने, सीआरपी थोडा उतरल्याचे अभ्यास आहेत. पण आपल्या आमटीतल्या हळदीत कर्क्युमिन असतंय साधारण 3 टक्के, आणि पोटातनं रक्तात फारसं जातच नाही. 1998 ला बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजवाल्यांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतला अर्क, दिलं तर ते रक्तात 20 पट जास्त सापडलं. कंपन्या हेच डब्यावर छापतात. पण पिपरिन दुसऱ्या काही औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवतं, हे कोण छापत नाही! मिस्टर रक्त पातळ व्हायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मी स्वतः दोन वर्षांमागं ग्रीन टी अर्काच्या गोळ्या खाल्ल्या, वजन उतरलं दीड किलो आणि एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) चढला तिप्पट. डॉक्टरांनी बंद करायला लावल्या तेव्हा कुठं खाली आला. चहा वेगळा, अर्क वेगळा. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं 2018 लाच सांगितलंय की गोळ्यांतनं दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतला मुख्य घटक, गेलं की लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात. हळदीच्या गोळ्यांनीही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत.

त्यापेक्षा कमरेला टेप लावा. आपल्याकडं पुरुषांना 90 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. ज्वारीची भाकरी चालू द्या, शेंगा चटणी मात्र चमच्यानं मोजून (तेल घालून वाटीभर खायची सवय आपल्या सोलापूरकरांचीच!), रात्रीची भजी बंद, आणि सिद्धेश्वर तळ्याला रोज चक्कर. पाच-सहा किलो उतरलं की सीआरपी बहुतेक आपोआप खाली येतोय.

आणि टेस्ट परत करताना सर्दी-ताप किंवा दाढ सुजलेली नसावी, त्यानंही आकडा वाढतो. मिस्टरांना तेव्हा असलं काही झालं होतं का?