‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या पुढे काय लिहावे?

आपला प्रश्न असा आहे की, गेल्या काही वर्षांत एकामागून एक कलावंत आणि मान्यवर गेले, प्रत्येक वेळी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहून हात जोडणे आता यांत्रिक वाटू लागले आहे, तर मग त्यांचे स्मरण करावे तरी कसे? मी या विषयातला कोणी अधिकारी माणूस नव्हे. नाटके पाहण्याचा नाद असलेला एक वाचक आहे, आणि याच बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. एका रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि मी अर्ध्या तासाच्या आत चार परिच्छेद लिहून मोकळा झालो. मग कुटुंबीयांनी सांगितले की ते हयात आहेत आणि उपचार सुरू आहेत. मी मजकूर काढून टाकला. २६ नोव्हेंबरला ते खरोखरच गेले, तेव्हा तोच मजकूर पुन्हा टाकावा म्हणून उघडून वाचला आणि मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली, कारण त्यातले नाव बदलले असते तर तो कोणत्याही ज्येष्ठ नटाला जसाच्या तसा लागू पडला असता. ‘चतुरस्र अभिनेता’, ‘न भरून येणारी पोकळी’, ‘एका युगाचा अंत’ हे सगळे त्यात होते; विक्रम गोखले मात्र कुठेच नव्हते. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले या दोघींनी १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केले होते, म्हणजे भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया या एकाच घरातल्या मायलेकी होत्या. घशाच्या दुखण्यामुळे गोखले यांनी २०१६ साली रंगभूमीवरून निवृत्ती घेतली होती. ज्या नटाची ओळखच त्याचे बोलणे आणि बोलण्यातले थांबणे ही होती, त्याला घशापायी रंगमंच सोडावा लागला, ही एवढी एकच गोष्ट माझ्या चार परिच्छेदांहून अधिक काही सांगून गेली असती.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. बातमी कळल्याच्या दिवशी काही लिहायचे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांच्या बाबतीत बातमी आधी फिरली, मग तिचा इन्कार झाला आणि काही तासांनी ती खरी ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र यांना तर लोकांनी ११ तारखेलाच निरोप देऊन टाकला, आणि ते गेले २४ तारखेला. मधल्या काळात त्या घरातल्या माणसांवर काय गुदरले असेल, याचा विचार श्रद्धांजलीच्या घाईत कोणी करत नाही. असरानी यांच्या वेळी उलटे झाले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ते गेले आणि जगाला कळेपर्यंत अंत्यसंस्कार उरकलेले होते. त्यामुळे कोणाचे काही अडले, असे मला तरी दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसल्यावर काय लिहावे, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. माझे मत असे आहे की चित्रपटातल्या नटाला आपल्या स्मरणाची फारशी गरज नसते, कारण त्याचे काम पडद्यावर तसेच्या तसे उरते. नाटकातल्या नटाला मात्र ती फार असते. अतुल परचुरे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी गेले, तेव्हा बहुतेकांनी त्यांना दूरचित्रवाणीवरच्या विनोदी भूमिकांसाठी आठवले. त्यात गैर काहीच नाही. परंतु जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’मध्ये त्यांनी मतिमंद मुलाची भूमिका केली होती, आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये तर खुद्द पु. ल. देशपांडे यांची भूमिका, तीही पु. ल. हयात असताना. ते प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोळ्यांखेरीज ते फारसे कुठे शिल्लक नाहीत. अशा प्रेक्षकाने ‘हरहुन्नरी कलावंत हरपला’ असे लिहून थांबणे म्हणजे साक्षीदाराने साक्ष न देता नुसते हळहळण्यासारखे आहे.

नावांच्या बाबतीतही थोडी काळजी घ्यावी लागते. १० डिसेंबर २०२२ रोजी लावणीगायिका सुलोचना चव्हाण गेल्या आणि ४ जून २०२३ रोजी चित्रपटातल्या सुलोचनादीदी गेल्या. सहा महिन्यांच्या आत दोन सुलोचना गेल्यामुळे एकीच्या छायाचित्राखाली दुसरीचे कर्तृत्व असे मजकूर माझ्याकडेही आले. एकीने ‘सोळावं वरीस धोक्याचं’सारख्या लावण्या डोक्यावरचा पदर ढळू न देता गायल्या, तर दुसरीने पडद्यावर सोशिक आई इतक्यांदा उभी केली की पुढे तिला दुसरे काही करू देणेच लोकांनी बंद केले. (हे शेवटचे मी थोडे रागाने लिहीत आहे.)

कलावंत नसलेल्या मान्यवरांच्या वाट्याला वेगळाच अन्याय येतो. जुलै २०२३ मध्ये मंगला नारळीकर गेल्या आणि अनेक मथळ्यांत त्या केवळ ‘जयंत नारळीकर यांच्या पत्नी’ होत्या. प्रत्यक्षात त्या स्वतः गणितज्ञ होत्या, मुलांसाठी गणितावर सोप्या मराठीत लिहीत होत्या, आणि २०१९ साली ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ असे संख्यावाचन सुचवल्याबद्दल महाराष्ट्रभरची थट्टा त्यांनी शांतपणे सोसली होती. २० मे २०२५ रोजी जयंतराव गेले, तेव्हा मला आठवली ती १९७४ ची विज्ञानकथा स्पर्धा. आपली ओळख लपवण्यासाठी त्यांनी आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. दोघांचे मिळून एक स्मरण करायचे असेल, तर मला ते त्या कागदांचे करावेसे वाटते.

आपण विचारलेत म्हणून शेवटी माझे सध्याचे उद्योग सांगतो. विक्रम गोखले यांचा ‘बॅरिस्टर’ माझ्या नशिबी नव्हता. माझ्या मामांनी पाहिला होता. ते आता फारसे बोलत नाहीत, तरी मागे लागून त्यांच्याकडून अर्धे पान लिहवून घेतले आहे. त्यात अभिनयाविषयी एकही विशेषण नाही. तिकीट कोणी काढून दिले, शेजारी कोण बसले होते, आणि मध्यंतर झाल्यावर आपल्या रांगेतले कोणीही बराच वेळ चहाला उठले नाही, एवढेच आहे.